थाप मारणाऱ्याचे हात

अगं, तुझी स्क्रिप्ट दोनदा वाचली. दौऱ्यावर नाटक कंपनी बुडते, मॅनेजर गल्ला घेऊन पसार, आणि तीन नट परक्या गावात अडकून पोटासाठी आचारी, कंपाउंडर, मास्तर असल्याच्या थापा मारतात. मूकपटाला एकदम फिट आहे हे. पण तुझे तिघं नुसत्या चुका करतात, मीठ जास्त पडलं, बाटली फुटली, असल्या चुका कोणीही करेल गं, त्याला नट कशाला हवेत?

चॅप्लिनचा १९२३ चा 'द पिल्ग्रिम' बघ. जेलमधून पळालेला कैदी पाद्र्याचे कपडे चोरतो आणि टेक्सासमधल्या एका गावात लोक त्यालाच आपला नवा पाद्री समजतात. आता फक्त त्याचं शरीर बघ. तिकिटाच्या खिडकीचे गज तो कोठडीचे गज धरावेत तसे धरतो. चर्चमधले गाणारे ओळीत बसलेत, ते त्याला कोर्टातली ज्युरी, म्हणजे निकाल देणारे बारा जण, वाटतात, मोजतो तर बरोब्बर बारा! कपडे बदलले पण हातांना अजून जेलच आठवतंय. आणि प्रवचन? बायबलातली डेव्हिड आणि गोलिएथची, पोरगा राक्षसाला लोळवतो ती गोष्ट अख्खी नाचून दाखवतो, एक पोरगं टाळ्या वाजवतं तर हा स्टेजवरच्यासारखा परत परत येऊन वाकतो.

तुझ्याकडे तर खरेच नट आहेत. आमटी वाढून झाली की आचारी दोन पावलं मागे सरून टाळीची वाट बघू दे. कंपाउंडर औषधाची बाटली शेवटच्या रांगेला दिसेल अशी उंच धरू दे. चेहरे मात्र गंभीर हां, एकालाही आपण विनोदी आहोत हे कळता कामा नये.

आणि पकडले जायची भीती कुठेय? चॅप्लिन स्वतः साडेबारा वर्षांचा असताना नाटकवाल्यांच्या ऑफिसात चौदाचा म्हणून सांगून आला होता. नाटकातला रोल मिळाला पण धड वाचता येत नव्हतं, तिथेच वाचून दाखव म्हणाले तर संपलं! कागद घरी न्यायला मिळाले तेव्हा जिवात जीव आला, मग मोठ्या भावाने, सिडनीने, वाचून वाचून सगळं पाठ करून घेतलं. तुझा मास्तर पहिल्यांदा खडू उचलतो ना, त्या बोटांत मला ती धास्ती दिसली पाहिजे.

वर्गाचा सीन आधी लिही, एकही टायटल कार्ड, म्हणजे पडद्यावरची लिखित पाटी, न वापरता, आणि रविवारी घेऊन ये, मी घरीच आहे.