नोकरी बदलून दोनच महिने झालेत, गृहकर्ज मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की आधीच्या कंपनीत चार वर्षं काढली, नव्या नोकरीला दोन महिने झाले, प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. फ्लॅट पसंत पडलाय, बिल्डर टोकन मागतोय आणि एका बँकेनं "सहा महिन्यांनी या" म्हणून परत पाठवलंय.

कर्ज मिळू शकतं. मी बरीच वर्षं गृहकर्जाच्या फाइली तपासायचं काम करतोय, आणि अशा फाइली मंजूर होताना नेहमी बघतो. नव्या नोकरीत किती महिने व्हायला हवेत, हे प्रत्येक बँक आपापल्या धोरणाप्रमाणे ठरवते. कुणी तीन सॅलरी स्लिप मागतं, कुणी सहा महिने थांबवतं, तर कुणी एकूण अनुभव दोन-तीन वर्षांचा असेल तर लवकरही फाइल घेतं. त्यामुळे एका शाखेच्या नकारावर खचू नका.

फाइल समोर आली की माझी नजर आधी दोन तारखांवर जाते: जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नव्या नोकरीचा पहिला दिवस. मध्ये आठ-पंधरा दिवस गेलेत, काम त्याच क्षेत्रातलं आहे, पगार वाढलाय, तर बदल उलट तुमच्या बाजूनं बोलतो. चार महिन्यांचा गॅप असेल तर मात्र कारण विचारलं जाणार. आजारपण असो, घरची अडचण असो, स्वतःहून एका कागदावर लिहून फाइलला जोडा. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे कुठे कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली त्या नोंदीत, ते दिसतंच.

ती सर्व्हिस हिस्टरी आजच उघडून बघा. जुन्या कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, असं फार वेळा घडतं. मग कागदोपत्री तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसता आणि फाइल अडते. नोकरी सोडून दोन महिने झाले की ती तारीख तुम्हाला स्वतः आधार ओटीपीनं भरता येते. रिलीव्हिंग लेटर अजून हातात नसेल तर त्याच्या मागे लागा. राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल काही बँकांना चालतो, पण त्यावर विसंबू नका. नव्या कंपनीचं नेमणूकपत्र, जुन्या-नव्या दोन्ही ठिकाणच्या सॅलरी स्लिप, मागच्या दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि पगार जमा होतो त्या खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट लागतीलच.

पगाराचं एक नीट लक्षात घ्या. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर पहिला पगार अर्धाच येतो, आणि तेवढाच दाखवला तर पात्रता काढताना घोळ होतो. पूर्ण महिन्याचा निदान एक पगार खात्यात पडू द्या. जॉइनिंग बोनस बँक सहसा धरत नाही. वर्षाच्या शेवटी मिळणारी व्हेरिएबल रक्कम नव्या नोकरीत अजून हातात आलेलीच नसते, त्यामुळे तीही बहुधा बाजूलाच राहते. ऑफर लेटरवरच्या पॅकेजचा आकडा बघून घराचं बजेट ठरवू नका. समजा हातात महिना ८०,००० येतात आणि बँक सगळ्या हप्त्यांसाठी त्यातला निम्मा भाग धरते, म्हणजे ४०,०००. गाडीचा हप्ता १०,००० असेल तर घरासाठी उरले ३०,०००. साडेआठ टक्के दरानं २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे कर्ज साडेचौतीस लाखांच्या आसपास. गाडीचं कर्ज आधी फेडलं तर हाच आकडा ४६ लाखांवर जातो. थोडंच कर्ज उरलं असेल तर ते फेडून मगच अर्ज करा, असं मी आग्रहानं सांगेन.

प्रोबेशनची अडचण खरी आहे, पण तीवर मार्ग निघतो. पती, पत्नी किंवा आई-वडिलांपैकी कुणाची नोकरी कायम असेल तर त्यांना सहअर्जदार घ्या. एचआरला आधी सांगून ठेवा की बँकेकडून पडताळणीचा फोन किंवा ईमेल येईल. नव्या माणसाबद्दल कुणी विचारलं आणि "आम्हाला कल्पना नाही" असं उत्तर गेलं, की चांगली फाइलही लटकते.

आणि एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये होते आणि स्कोअरला फटका बसू शकतो. आधी तोंडी विचारा, "प्रोबेशनवर चालेल का? नव्या नोकरीचे किती पगार लागतील?" आणि जिथून होकार येईल तिथेच फाइल द्या. तुमचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो. स्कोअर साडेसातशेच्या वर असेल तर बोलणी सोपी जातात.

मला खरी काळजी वाटते ती टोकनची. बिल्डर घाई करतोय म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, पण ते १० टक्केही तुमच्या घामाचेच आहेत. कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन पूर्ण परत मिळेल, असं सहीनिशी लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल तर बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) हातात येईपर्यंत थांबा. कर्जाची रक्कम ३० लाखांच्या पुढे जात असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के कर्ज मिळेल असंही धरू नका, कारण ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात सहसा धरत नाहीत, तो तुम्हालाच उभा करावा लागेल.

गॅप किती दिवसांचा आहे आणि सध्या कुठले हप्ते चालू आहेत, तेवढं कमेंटमध्ये लिहा. त्यावरून आत्ता अर्ज करावा की कन्फर्मेशन लेटरची वाट बघावी, हे मला सांगता येईल.