पुरातत्त्वात यायला फावडं मारलेलंच असावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात जळालेल्या प्राचीन ग्रंथांच्या गुंडाळ्या वाचल्याची बातमी वाचून पुरातत्त्वात यावंसं वाटतं, पण तुम्ही कॉम्प्युटरवाले, उत्खननाचा अनुभव शून्य. मग संधी आहे का? आहे. 'उत्खनन केलं नाही त्याला यातलं काय कळणार' असं म्हणणारा कोणी भेटला तर माझ्याकडे पाठवा.

आमच्या उत्खननावर असेच एक वरिष्ठ होते. त्यांच्या लेखी चरात उतरतो तो संशोधक आणि मांडवात खापरं धुतो तो कारकून. मला मांडवात बसवलं. जुन्या टूथब्रशने खापरं घासायची, सावलीत वाळवायची, आतल्या अंगाला बारीक अक्षरात चर आणि थराचा क्रमांक टाकायचा. असंच करताना काठाचा एक तुकडा शेजारच्या ट्रेमधल्या तुकड्याला चपखल बसला. भांडं एकच, पण एक तुकडा वरच्या थरातला आणि दुसरा पार खालचा! म्हणजे मध्ये कधीतरी कोणीतरी खड्डा खणून थर कालवले होते. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "जोडत बसू नका, नंबर टाका." पुढे चराची भिंत खरवडली तेव्हा त्या खड्ड्याची काळपट कड स्वच्छ दिसली. अहवालात खड्डा आला, मांडव नाही आला.

आता तुमची बातमीच बघा. इ.स. 79 मध्ये कोळसा झालेल्या त्या गुंडाळ्यांच्या स्कॅनमध्ये शाई दिसत नव्हती. त्या वाचण्यासाठी 'व्हेसुव्हियस चॅलेंज' नावाची स्पर्धा निघाली. त्यातल्या केसी हँडमर या स्पर्धकाने नुसतं टक लावून बघत भेगाळलेल्या चिखलासारखा पोत हेरला, तीच शाई. मग 2023 मध्ये ल्यूक फॅरिटर या कॉलेजातल्या पोराने तो पोत कॉम्प्युटरला शिकवून 'जांभळा' हा ग्रीक शब्द वाचला. 2024 मध्ये त्याच्यासह तिघांना या स्पर्धेचं 7 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. यात फावडं कुठे आलं? त्याच वर्षी मेक्सिकोतलं व्हलेरियाना हे माया शहर जाहीर झालं, तेही जंगलातला कार्बन मोजायला 2013 मध्ये केलेल्या लेझर सर्वेक्षणातून. ती माहिती इंटरनेटवर पडून होती, बघितली एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने.

तेव्हा व्हेसुव्हियस चॅलेंजचे स्कॅन खुले आहेत, ते उतरवून घ्या आणि लागा कामाला. कोणाची परवानगी मागू नका.

परवानगीचं म्हणालो ते स्कॅनपुरतं हं. जमीन मात्र स्वतःहून उकरायची नाही, मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचं नाही. आणि हो, पक्की नोकरी हवी असेल तर या विषयाची पदवी बहुतेक ठिकाणी लागतेच. प्रशिक्षणाच्या उत्खननांत तर पुष्कळदा पैसे मिळत नाहीत, उलट भरावे लागतात, ते आधीच विचारून घ्या.