पावसाळ्यात लॅब्राडोरचे पिल्लू सांभाळताना

पावसाळ्यात पिल्लाची काळजी आणि आहार याबद्दल तुम्ही विचारले आहे. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता आणि पिल्लाच्या लसी पूर्ण होऊन ते बाहेर फिरू लागले आहे, म्हणून आहाराआधी गोचिडींविषयी लिहितो. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी गवत वाढले की फिरून आल्यावर कानांच्या आत, पायांच्या बोटांमध्ये आणि गळपट्ट्याखाली रोज हात फिरवून पाहावे. मसुराच्या दाण्याएवढी करडी गाठ, म्हणजे चिकटलेली गोचीड, हाताला लागली तर ती चिरडू नये, रॉकेल तर मुळीच लावू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. गोचिडींपासून होणाऱ्या एर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस या आजारांत कुत्रा सुस्त होतो, खाणे सोडतो, हिरड्या फिकट पडतात. लघवी तांबूस-तपकिरी दिसली तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे न्यावे. माणसांची तापाची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो आणि तो माणसांनाही होतो, तेव्हा डबक्यात खेळणे बंद.

लॅब्राडोर पोट भरले तरी मागतच राहतो (घरातल्या आजी-आजोबांना हे पटवणे सर्वांत अवघड). बरगड्या हाताला सहज जाणवाव्यात, इतपतच अंग असावे, कारण जादा वजनाचा भार या जातीच्या मुळात नाजूक खुब्यांवर येतो. कांदा-लसणाची फोडणी, मनुका, द्राक्षे, चॉकलेट वर्ज्य. वाढत्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचे औषध देऊ नका; मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडे त्याने बिघडू शकतात.