बिल अडले तरी कायद्याच्या तारखा थांबत नाहीत : सरकारी कंत्राटदारांच्या प्रश्नांना उत्तरे

२०२६-२७ या आर्थिक वर्षात सरकारी कामे करणाऱ्यांना जीएसटी, कामगार संहिता, आयकर आणि बांधकाम कचरा या चारही बाजूंनी बदल भेटणार आहेत. त्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी सगळ्यांच्या उपयोगाची निवडून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या रस्त्याची दोन चालू देयके (काम सुरू असतानाची बिले) सात महिने पडून आहेत. निधी नाही म्हणतात. पैसे हातात नसताना जीएसटी भरायचा का? खडी-सिमेंटवाल्यांचेही देणे आहे. (सोलापूर जिल्हा)

आधी निविदापुस्तकातले देयकाचे कलम काढून वाचा, कारण भरायचे की नाही हे त्या कलमाच्या शब्दांवर ठरते. तीन महिन्यांहून जास्त चालणारे आणि टप्प्याटप्प्याने पैसे मिळणारे काम जीएसटी कायद्यात ‘अखंड सेवा’ धरले जाते. त्याचे बीजक कधी काढायचे, हे कलम ३१(५) सांगते. करारात पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल, तर त्या तारखेपर्यंत. तारीख कळण्यासारखी नसेल, तर पैसे मिळतील तेव्हा. आणि पैसे एखाद्या टप्प्याला बांधलेले असतील, जसे ‘जोते पूर्ण झाल्यावर २० टक्के’, तर तो टप्पा पूर्ण होईल तेव्हा.

तुमच्या करारात मोजमाप झाल्यावर, निधीच्या उपलब्धतेनुसार चालू देयक अदा होईल एवढेच लिहिले असेल, तर पैसे मिळाल्यावर बीजक ही भूमिका कायद्याला धरून आहे. करार टप्प्यांचा असेल तर ती टिकत नाही. मग सरकारने पैसे दिलेले नसतानाही कर तुमच्या खिशातून जातो, आणि उशीर झाल्यास वर १८ टक्के व्याज. हे लहान कंत्राटदारावर अन्यायाचे आहे. पण आज कायदा असा आहे, आणि नोटीस आल्यावर ‘बिल मिळाले नाही’ एवढे उत्तर पुरत नाही.

इथे नेहमी होणारी चूक अशी की, उपविभागात देयक सादर करतानाच त्याला कर-बीजक जोडले जाते. बीजक काढले की कर लागू झाला. सादर करताना कामाचा गोषवारा आणि मोजमाप पुस्तकाच्या पानांचा संदर्भ द्या, आणि कर-बीजक पैसे जमा होताना काढा. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-बीजक लागते. खात्याकडे फक्त टीडीएसपुरता (पैसे देतानाच कापायच्या करापुरता) जीएसटी क्रमांक असला तरी लागते, हे जुलै २०२३ च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले आहे. ई-बीजक पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते, तेव्हा घाईने काढू नका.

दुसरी बाजू पुरवठादारांची, आणि ती जास्त लोकांना बाधते. पुरवठादाराच्या बीजकापासून १८० दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत, तर त्यावर घेतलेले क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावे लागते. सात महिने म्हणजे २१० दिवस, म्हणजे तुमची मुदत बहुधा उलटून गेली आहे. बीजकांची तारीखवार यादी करून १५० व्या दिवशी खूण करा. पूर्ण देणे शक्य नसेल तर अर्धे द्या, त्या प्रमाणात क्रेडिट वाचते. परत केलेले क्रेडिट पुढे पैसे दिल्यावर पुन्हा घेता येते आणि त्याला क्रेडिट घेण्याची एरवीची ३० नोव्हेंबरची मुदत लागत नाही. व्याज मात्र गेले ते गेलेच.

खडीक्रशरवाला उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर आयकराचाही काटा आहे. लेखी करार नसल्यास १५ दिवस, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यापलीकडे राहिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच खर्च म्हणून धरली जाते. केवळ व्यापार करणाऱ्या दुकानदाराच्या देण्याला ही तरतूद लागत नाही.

पैसे जमा होतील तेव्हा कपाती अशा तपासा : १० लाखांच्या देयकावर १८ टक्के जीएसटी १,८०,०००, एकूण ११,८०,०००. त्यातून जीएसटी टीडीएस २ टक्के म्हणजे २०,०००, वैयक्तिक कंत्राटदाराचा आयकर १ टक्का म्हणजे १०,०००, बांधकाम कामगार उपकर १ टक्का म्हणजे १०,०००. हातात ११,४०,०००, आणि त्यातून सुरक्षा ठेव व स्वामित्वधन (गौण खनिजाची रॉयल्टी) वेगळे. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर दोन्ही टीडीएस मूळ १० लाखांवरच कापायला हवेत, ११.८० लाखांवर नव्हेत. जीएसटी टीडीएस आपोआप तुमच्या रोख खात्यात येत नाही. पोर्टलवर जाऊन तो स्वीकारावा लागतो, आणि कित्येकांचे पैसे केवळ ती टिचकी राहिल्याने पडून असतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. जुन्या १९४सी ची (कंत्राटदाराच्या कपातीचे कलम) जागा कलम ३९३ ने घेतली आहे, म्हणून कपातीच्या दाखल्यावर नवे कलम दिसले तर घाबरू नका. दर तेच आहेत.

प्रश्न : नाला खोलीकरणाचे काम १२ टक्के जीएसटी धरून घेतले होते. आता खाते म्हणते १८ टक्के. फरक कोणी सोसायचा? (बीड)

७५ टक्क्यांहून जास्त मूल्य मातीकामाचे असलेल्या सरकारी कामांवर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. जुना दर लागतो की नवा, हे तीन तारखांवरून ठरते : काम केल्याची, बीजकाची आणि पैसे मिळाल्याची. तीनपैकी दोन २२ सप्टेंबरच्या आधीच्या असतील तर १२, नाहीतर १८. काम ऑगस्टमध्ये झाले, पण बीजक आणि पैसे दोन्ही नंतरचे असतील तर १८.

फरकाचे उत्तर निविदेत आहे. दरपत्रकावर ‘जीएसटी वेगळा’ असेल तर खात्याने १८ द्यायला हवा. दर ‘सर्व करांसह’ असतील तर करबदलाचे कलम शोधा. ते असेल तर कार्यकारी अभियंत्याला फरकाचा तक्ता जोडून लेखी मागणी करा. कलम नसेल तर वसुली कठीण आहे, आणि म्हणूनच यंदाच्या प्रत्येक निविदापूर्व बैठकीत हा प्रश्न लेखी विचारून उत्तर पदरात पाडून घ्या. आणखी एक : ग्रामपंचायतीचे निव्वळ मजुरीचे काम, जसे गटारसफाई, करमुक्त राहू शकते. त्यावर १८ टक्के आकारून निविदा महाग करू नका.

प्रश्न : महापालिकेच्या रुग्णालयात सफाईचे ४० कामगार पुरवतो. नव्या कामगार संहितेमुळे परवाना, ग्रॅच्युइटी वगैरेंत काय बदलले? (नाशिक)

चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहेत. कंत्राटी कामगारांच्या परवान्याची मर्यादा देशभर ५० कामगार झाली. महाराष्ट्राने ती राज्यापुरती आधीच ५० केली होती, म्हणून तुमच्या ४० कामगारांना फरक पडत नाही. रेल्वे किंवा केंद्राच्या कामांवर मात्र आधी २० ची मर्यादा होती, तिथे हा खरा बदल आहे. ५० पेक्षा कमी म्हणजे सगळ्यातून सुटका, असे समजू नका. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा (ईएसआय) हे सगळे आहेच.

निविदेचा हिशेब चुकतो तो दोन ठिकाणी.

पहिले, ‘वेतन’ची व्याख्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात मिळवायचा. एकूण १६,०००, त्यात मूळ व महागाई मिळून ६,००० आणि भत्ते १०,००० असतील, तर निम्मे ८,०००. वरचे २,००० वेतनात येऊन ते ८,००० होते. निधी, बोनस, ग्रॅच्युइटी आता ८,००० वर. मूळ पगार कमी दाखवून दर खाली आणण्याची जुनी युक्ती इथे संपते, आणि ती संपावी हेच योग्य आहे, कारण तिची किंमत कामगाराच्या म्हातारपणी मोजली जात होती.

दुसरे, ग्रॅच्युइटी. ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर घेतलेल्या कामगाराला आता पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही, एका वर्षावर ती लागू होते. महिन्याच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणा : १८,००० वेतनाला १०,३८५ रुपये. वर्षाच्या वेतनाशी हे प्रमाण सुमारे ४.८१ टक्के येते. दरविश्लेषणात ही ओळ घाला. वगळलीत तर ४० माणसांचे चार लाखांहून जास्त रुपये तुमच्या नफ्यातून जातात, आणि २-३ टक्के नफ्यावर चालणाऱ्या सफाईच्या ठेक्यात तो सगळा नफाच असू शकतो.

प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि काम सुटलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. तुम्ही थकवलात तर मुख्य मालकाला, म्हणजे इथे महापालिकेला, तो द्यावा लागतो, आणि तो तुमच्या देयकातून वसूल होतो.

प्रश्न : काम उशिरा झाले म्हणून ‘काळ्या यादीत का टाकू नये’ अशी दोन ओळींची नोटीस आली आहे. (फोंडा, गोवा)

नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख तरी आहे. तो नसता तर पुढचा आदेशच टिकणे अवघड होते. कारवाई कशाबद्दल आणि शिक्षा कोणती, हे नोटिशीत स्पष्ट हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोरखा सिक्युरिटी (२०१४) आणि यूएमसी टेक्नॉलॉजीज (२०२०) या निकालांत सांगितले. ब्लू ड्रीम्झ (२०२४) मध्ये तर साध्या करारभंगाच्या वादासाठी काळी यादी हे हत्यार वापरू नये, असे म्हटले. उत्तर मुदतीत द्या, कागदपत्रे मागा, प्रत्यक्ष सुनावणीची लेखी मागणी करा. उशिराची कारणे तारखांसह लिहा. गप्प राहणे हीच सर्वांत महाग चूक, कारण पुढच्या प्रत्येक निविदेतील प्रतिज्ञापत्रात हा आदेश सांगावा लागतो आणि लपवल्यास अनामत जाते.

प्रश्न : जागा ताब्यात द्यायला खात्याला पाच महिने लागले, आता आमच्यावरच दंड. जुन्या अंतिम देयकाचा वादही पडून आहे. किती काळ थांबू शकतो? (चंद्रपूर)

बी-१ करारात (सार्वजनिक बांधकाम खात्याचा नमुना करार) मुदतवाढीचे कलम ६ आहे. अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्याआधी, यातले जे आधी येईल तेव्हा लेखी अर्ज हवा. तोंडी ‘साहेबांना माहीत आहे’ याला किंमत नाही. अडथळा नोंदवहीत प्रत्येक नोंदीवर शाखा अभियंत्याची सही घ्या. मुदतवाढ देताना ‘कोणताही दावा करणार नाही’ असे हमीपत्र पुढे केले जाते. त्यावर आणि अंतिम देयकावर सही करणे भाग असेल तर ‘हक्क राखून’ असे स्वहस्ते लिहा.

जुन्या देयकासाठी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी खात्याने लेखी देणे मान्य केले, तरच ती नव्याने मोजली जाते. दाव्यापूर्वी सरकारला दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि ३ लाखांवरच्या व्यावसायिक वादात तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी. म्हणून अडीच वर्षे झाली की वकिलाकडे जा. लघुउद्योग सुविधा परिषदेकडे जाण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण कामाच्या कंत्राटांना ती वाट नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. मालाच्या पुरवठ्याला ती वाट खुली आहे.

लवादाबाबत (न्यायालयाबाहेर निवाडा) एवढेच : केंद्राच्या कामांत जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १० कोटींवरच्या वादांसाठी लवाद सहसा ठेवला जात नाही. करारात लवादाची तरतूद असेल आणि निवाडा करणारा लवाद फक्त खातेच नेमणार असे कलम असेल, तर नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाचा आधार घ्या. अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या विरुद्ध ठरली आहे.

प्रश्न : जुनी शाळा पाडून नवी बांधायची आहे. राडारोड्याचे नवे नियम लागतील का? (ठाणे)

१ एप्रिल २०२६ पासून बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे २०२५ चे नियम लागू आहेत. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे नोंदणी आणि पुनर्वापराचे उद्दिष्ट, २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामावर आहे. तुमच्या एकट्या शाळेला ती बहुधा लागणार नाही, पण राडारोडा अधिकृत ठिकाणीच टाकावा लागेल. निविदेत वाहतुकीचे अंतर किती धरले आहे ते पाहा. राडारोडा टाकायचे केंद्र १८ किलोमीटरवर आणि दर ५ किलोमीटरचा असेल, तर दर भरण्याआधीच लेखी प्रश्न विचारा.