दूत कोणाचा आणि कशासाठी : ‘विशेष दूत’, ‘राजदूत’, ‘शांतिदूत’ की ‘मध्यस्थ’?

बातम्यांचे मराठी सारांश लिहिणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, एखाद्या अस्थिर प्रदेशात शांततेला चालना मिळावी म्हणून एखादे राष्ट्र किंवा आंतरराष्ट्रीय संघटना ज्या व्यक्तीला नेमते, तिला मराठीत नेमके काय म्हणावे? एकाच नियुक्तीच्या निरनिराळ्या बातम्यांत त्यांना राजदूत, विशेष दूत, शांतिदूत, मध्यस्थ आणि प्रतिनिधी असे पाच शब्द आढळले आणि हे पाचही एकमेकांच्या जागी चालतात का, अशी त्यांची शंका आहे. माझ्या मते ते तसे चालत नाहीत. सर्वसाधारण वापरासाठी ‘विशेष दूत’ हाच शब्द योग्य आहे. परंतु नुसता शब्द बरोबर निवडून काम भागत नाही, कारण हा दूत कोणी पाठवला, कशासाठी पाठवला आणि त्याला किती अधिकार देऊन पाठवला, या तीन गोष्टी वाक्यातून कळल्या नाहीत तर योग्य शब्दही वाचकाला चुकीच्या समजुतीकडे नेतो.

प्रथम ‘राजदूत’ हा शब्द बाजूला करू, कारण सर्वाधिक घोटाळा त्याच्यामुळे होतो. राजनैतिक संबंधांविषयीचा 1961 चा व्हिएन्ना करार पाहिला, तर राजदूत हे एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे पाठवलेल्या निवासी मंडळाच्या प्रमुखाचे पद आहे. त्याची नियुक्ती करण्यापूर्वी यजमान राज्याची संमती घ्यावी लागते, आणि तो आपली अधिकारपत्रे त्या राज्याच्या प्रमुखाला सादर करतो. म्हणजे राजदूत असायचा तर त्याला स्वीकारणारे एक राज्य आणि त्या राज्याचा एक सर्वमान्य प्रमुख असावा लागतो. यादवी युद्धाने फाटलेल्या प्रदेशात नेमकी हीच गोष्ट वादग्रस्त असते. शांततेसाठी पाठवलेल्या माणसाला सरकारशी बोलावे लागते, बंडखोरांशी बोलावे लागते, शेजारच्या चार राजधान्यांत जावे लागते. तो एखाद्या सरकारकडे पाठवलेला नसतो, एका संघर्षासाठी पाठवलेला असतो. त्याच्या नावामागे ‘विशेष राजदूत’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे दूतावासाची इमारत उभी राहते, आणि ती तेथे नसते.

हा भेद गुन्नार यारिंग यांच्या उदाहरणावरून चांगला स्पष्ट होतो. 1967 च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 242 संमत केला आणि मध्यपूर्वेसाठी एक विशेष प्रतिनिधी नेमावा, असे महासचिवांना सांगितले. तेव्हाचे महासचिव ऊ थांट यांनी यारिंग यांना नेमले. त्या वेळी यारिंग मॉस्कोमध्ये स्वीडनचे राजदूत होते आणि नव्या नियुक्तीनंतरही ते त्या पदावर राहिले. एकच गृहस्थ मॉस्कोत राजदूत होते आणि इस्रायल व अरब राष्ट्रे यांच्यात ये-जा करताना संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी होते. दोन्ही ठिकाणी ‘राजदूत’ असे लिहिले, तर त्यांच्या आयुष्यातील हा महत्त्वाचा भेदच पुसला जाईल.

येथे मराठीच्या जुन्या व्यवहाराकडे वळणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे या कामासाठी शब्दांची उणीव कधीच नव्हती. शिवकालीन कागदपत्रांत परदरबारी पाठवलेल्या माणसाला ‘हेजीब’ म्हटलेले आढळते. 1659 मध्ये अफझलखानाकडे गेलेले पंताजी गोपीनाथ हे अशाच कामगिरीवर होते. पुढे पेशवाईत ‘वकील’ हा शब्द रुळला. दिल्लीला हिंगणे, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे मराठ्यांचे वकील होते. ते तेथे राहत, बातम्या पाठवत आणि धन्याच्या वतीने बोलत. मूळ अरबी शब्दाचा अर्थच ज्याच्यावर काम सोपवले आहे तो, असा आहे. आज वकील न्यायालयात गेला. मात्र ‘वकिलात’ हा शब्द परराष्ट्राच्या कचेरीसाठी अजून टिकून आहे. या इतिहासावरून एक गोष्ट लक्षात येते : पेशवाईतील वकील हा दरबारी राहणारा प्रतिनिधी होता, म्हणून तो आजच्या राजदूताला जवळचा आहे. एका कामापुरता जाऊन परत येणारा माणूस त्याहून वेगळा, आणि त्याच्यासाठी ‘दूत’ हा जुना, व्यापक शब्दच अधिक बरा. इंग्रजीतील ‘एन्व्हॉय’ हा शब्दही फ्रेंचमधील ‘पाठवलेला’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, त्यामुळे दोन्ही भाषांत पाठवणीवरच भर आहे. ‘एन्व्हॉय’ हा राजदूताखालचा एक औपचारिक दर्जाही आहे आणि व्हिएन्ना करारात त्याचा उल्लेख येतो. परंतु तो दर्जा आता जवळजवळ वापरातून गेला असून ‘विशेष दूत’ या अर्थाशी त्याची गल्लत करू नये.

अधिकाराचा प्रश्न मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्या अंगी अमात्याचे सर्व गुण आहेत तो निसृष्टार्थ. त्याच्यावर संपूर्ण काम सोपवलेले असते आणि तो प्रसंग पाहून स्वतः बोलणी ठरवू शकतो. ज्याच्या ठायी ते गुण चतुर्थांशाने कमी आहेत तो परिमितार्थ; त्याला आखून दिलेल्या मर्यादेतच बोलता येते. ज्याच्या ठायी ते निम्मेच आहेत तो शासनहर. तो केवळ राजाचे लेखी शासन, म्हणजे आज्ञापत्र, पोचवतो. मला ही विभागणी आजच्या प्रत्येक नियुक्तीपुढे ठेवून पाहावीशी वाटते, कारण बातमी वाचणाऱ्याला ‘दूत नेमला’ एवढे कळते, पण हा निसृष्टार्थ आहे की शासनहर, हे कळत नाही, आणि दूताचे यशापयश बहुतांशी त्यावरच ठरते. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांना 2012 च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रे आणि अरब लीग यांनी सीरियासाठी संयुक्त विशेष दूत नेमले. त्यांनी सहा कलमी योजना मांडली. पण सुरक्षा परिषदेतील प्रमुख राष्ट्रांचेच एकमत नव्हते आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. नाव, प्रतिष्ठा आणि अनुभव यांत ते कोणाहीपेक्षा कमी नव्हते. पाठवणाऱ्यांचा एकमुखी पाठिंबा मात्र त्यांच्यामागे नव्हता. हे सांगायला मराठीत ‘मुखत्यार’ हा उत्तम शब्द आहे. ज्या दूताला आपल्या धन्याच्या वतीने करार ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे, त्याला ‘मुखत्यार दूत’ म्हणावे. आणि ज्याला तो नाही, त्याच्याविषयी ‘त्यांच्या कार्यकक्षेत अमुक येते, तमुक येत नाही’ असे एक वाक्य जोडावे. त्या एका वाक्याने बातमी खूप स्पष्ट होते.

आता ‘मध्यस्थ’. हा शब्द संस्कृतातून आला असून मध्ये उभा राहणारा, कोणाच्याही बाजूचा नसलेला, असा त्याचा अर्थ मराठीत अजूनही जिवंत आहे. म्हणून तो नियुक्तीने मिळत नाही. दोन्ही पक्षांनी मान्य केल्यावर मिळतो. एखाद्या सरकारने आपला दूत पाठवला म्हणजे तो मध्यस्थ झाला असे नव्हे. समोरचे पक्ष त्याला त्या पाठवणाऱ्या सरकारचा माणूस म्हणूनच पाहतील. संयुक्त राष्ट्रांनी 1948 मध्ये पॅलेस्टाइनसाठी फोल्के बर्नाडोट यांना नेमले, तेव्हा मूळ ठरावातच मध्यस्थ या अर्थाचे पद होते, म्हणून त्यांच्याबाबतीत हा शब्द निःशंकपणे वापरावा. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला जेरुसलेममध्ये त्यांची हत्या झाली आणि राल्फ बंच यांनी हंगामी मध्यस्थ म्हणून ते काम पुढे नेले. 1949 मध्ये इस्रायलचे इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशी स्वतंत्र करार झाले. बंच यांना 1950 चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे करार शस्त्रसंधीचे होते, शांततेचे नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण मराठी लेखनात दोहोंची सरमिसळ फार होते. तशीच सरमिसळ ‘मध्यस्थ’ आणि ‘लवाद’ यांची होते. लवादाचा निर्णय पक्षांना बांधून ठेवतो. मध्यस्थ केवळ सुचवतो, समजावतो, मार्ग दाखवतो.

‘शिष्टाई’ हा शब्दही या चर्चेत कोणीतरी सुचवणारच, आणि तो सुंदर आहे यात शंका नाही. ‘कृष्णशिष्टाई’मुळे त्याला मराठी मनात मानाचे स्थान आहे. परंतु महाभारतातील प्रसंग आठवला तर कृष्ण हे पांडवांच्या बाजूने कौरवसभेत गेले होते. ते तिऱ्हाईत नव्हते. उद्योगपर्वात त्याआधी द्रुपदाचा पुरोहित निरोप घेऊन गेला, मग धृतराष्ट्राकडून संजय आला, आणि शेवटी कृष्ण गेले. तिघेही दूत होते, पण तिघांचा अधिकार आणि वजन वेगळे होते. म्हणून एका पक्षाच्या वतीने समेटासाठी गेलेल्या माणसाच्या प्रयत्नाला शिष्टाई म्हणावे. संयुक्त राष्ट्रांच्या दूताच्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला तो शब्द पुरेसा पडत नाही.

‘शांतिदूत’ या शब्दाविषयी माझे मत स्पष्ट आहे : पदनाम म्हणून तो टाळावा. संयुक्त राष्ट्रांतर्फे नामवंत कलावंत, खेळाडू आणि लेखक यांना जो मानद किताब दिला जातो, त्याला मराठीत ‘शांतिदूत’ म्हणण्याची रूढी आहे, आणि त्या किताबात वाटाघाटींचा भाग नसतो. शिवाय या शब्दात गौरव आधीच भरलेला आहे. ज्याचे काम अजून सुरूही झालेले नाही, त्याला शांतिदूत म्हटले की बातमीने निकाल देऊन टाकला असे होते. तीच अडचण ‘शांतता प्रस्थापित करण्यासाठी दूत नेमला’ या वाक्यरचनेत आहे. नियुक्तीच्या आदेशात बहुधा शांततेच्या प्रयत्नांना साहाय्य करणे किंवा चालना देणे एवढेच म्हटलेले असते. ‘प्रस्थापित करणे’ या क्रियापदाने ते पूर्णत्वाला गेल्याचे वचन दिल्यासारखे होते. ‘शांतताप्रक्रियेला चालना देण्यासाठी’ हे शब्द साधे आहेत आणि खरे आहेत.

‘विशेष दूत’ आणि ‘विशेष प्रतिनिधी’ यांपैकी कोणता वापरावा, हे आपल्या आवडीवर सोडता येत नाही. नियुक्ती करणाऱ्याने जे पदनाम दिले आहे, तेच पाळावे लागते. 22 जानेवारी 2009 रोजी अमेरिकेने एकाच वेळी दोन नियुक्त्या जाहीर केल्या : मध्यपूर्वेतील शांततेसाठी जॉर्ज मिचेल हे विशेष दूत होते, तर अफगाणिस्तान व पाकिस्तानसाठी रिचर्ड होलब्रूक हे विशेष प्रतिनिधी होते. युरोपीय संघाच्या पायाभूत करारात तर ‘विशेष प्रतिनिधी’ हेच पदनाम आहे.

आता ज्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ती सांगतो, आणि मला ती शब्दाच्या निवडीइतकीच महत्त्वाची वाटते. ती म्हणजे षष्ठी विभक्ती. ‘सीरियाचे विशेष दूत’ असे लिहिले की मराठी वाचक त्याचा अर्थ सीरियाने पाठवलेले दूत असाच करणार, कारण ‘भारताचे राजदूत’, ‘पेशव्यांचे वकील’ या सर्व प्रयोगांत षष्ठी ही पाठवणाऱ्याची असते. ‘सीरियातील विशेष दूत’ हेही पुरेसे नाही, कारण हे दूत बहुधा जिनिव्हात किंवा अन्यत्र बसून काम करतात. त्यामुळे पाठवणारा षष्ठीत आणि कामाचा प्रदेश ‘साठी’ने दाखवावा : ‘संयुक्त राष्ट्रांचे सीरियासाठीचे विशेष दूत’. वाक्य थोडे लांबते. अर्थ मात्र निसटत नाही. प्रदेशाचे नावही सावधपणे लिहावे. 2013 च्या फेब्रुवारीत अदिस अबाबा येथे 11 आफ्रिकी देशांनी काँगो आणि भोवतालच्या प्रदेशातील शांतता, सुरक्षितता व सहकार्याच्या आराखड्यावर सह्या केल्या, आणि मार्चमध्ये आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांची विशेष दूत म्हणून नियुक्ती झाली. त्यांचा प्रदेश ‘ग्रेट लेक्स’ एवढाच लिहिला तर उत्तर अमेरिकेतील सरोवरांचा भास होतो. ‘आफ्रिकेतील ग्रेट लेक्स प्रदेश’ असे पूर्ण लिहिणे आवश्यक आहे.

रॉबिन्सन यांच्या उल्लेखावरून एक उपप्रश्न निघतो : स्त्रीसाठी ‘दूती’ म्हणावे का? म्हणू नये. काव्यपरंपरेत दूती म्हणजे नायक-नायिकेमधील निरोप नेणारी, आणि तो अर्थ या शब्दाला घट्ट चिकटला आहे. ‘दूत’ हेच पदनाम ठेवून विशेषणे आणि क्रियापद यांतून स्त्रीलिंग दाखवणे मराठीला सहज जमते. तसेच ‘राजनैतिक दूत’ हा प्रयोग चुकीचा नाही, कारण मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे राष्ट्रांराष्ट्रांतील औपचारिक संबंध आणि ‘राजकीय’ हा वेगळा शब्द आहे. हिंदीत ‘राजनैतिक’चा अर्थ राजकीय असा होत असल्याने हिंदीतून घेतलेल्या बातमीत मात्र तो तपासून घ्यावा. शुद्धलेखनाविषयी सांगायचे तर ‘शांती’ हा शब्द एकटा आला की दीर्घ, पण समासाच्या पूर्वपदी आला की ऱ्हस्व : ‘शांतिवार्ता’, ‘शांतिसेना’, आणि किताबाच्या अर्थी लिहायचा झाल्यास ‘शांतिदूत’.

हे सर्व एका वाक्यात आणायचे तर रॉबिन्सन यांच्या नियुक्तीची बातमी मी अशी लिहीन : ‘आफ्रिकेतील ग्रेट लेक्स प्रदेशात शांतताप्रक्रियेला चालना देण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून यांनी आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांची त्या प्रदेशासाठीच्या विशेष दूत म्हणून नियुक्ती केली असून, 11 देशांनी मान्य केलेल्या आराखड्याच्या अंमलबजावणीसाठी त्या संबंधित सरकारांशी बोलणी करतील.’