पेजमेकर, पंचवीस पिनांचं लॉक आणि विंडोज ११

प्रश्न : ताई, महालात माझा छोटा छापखाना आहे. बाबांच्या वेळी खिळ्यांची जुळणी होती, मी १९९९ मध्ये कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासूनच्या लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, मंडळांची पावतीबुकं, सारं पेजमेकर ६.५ आणि ७ मध्ये आहे, म्हणजे पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर लॉकवर चालते. लॉक म्हणजे कंपनीनं दिलेली किल्लीवाणी डबी, ती मागे प्रिंटरच्या सॉकेटात लागते, ती नसली की सॉफ्टवेअर चालत नाही. एक्सपीवालं मशीन आता दहादा बटण दाबलं की एकदा सुरू होते. पोराने विंडोज ११ चं नवं मशीन आणून दिलं, तर दुकानदार म्हणते, "काका, पेजमेकर विसरा आता." काहून विसरू? लोक येतात, थोरलीच्या लग्नाची होती तशीच पत्रिका धाकटीची करा म्हणतात. एक जण सांगून राहिला होता की जुनी विंडोज नव्या विंडोजच्या पोटात चालवता येते. खरं आहे काय? एक्सपीची डब्यातली, बिलासकट घेतलेली सीडी माझ्याकडे आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : खरं आहे, दादा. पण ते सगळं नंतर. आज हे पान वाचून झालं की पहिलं काम हे करा : त्या जुन्या मशीनचं बटण दाबणं बंद करा. दहा वेळा दाबून एकदा सुरू होणारं मशीन अकराव्यांदा हार्ड डिस्क घेऊन जाईल. डिस्क बाहेर काढा. चपटी, रुंद, ४० पिनांची केबल असेल तर ती आयडीई डिस्क. ती यूएसबीला जोडायचा अडॅप्टर बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. नव्या मशीनला जोडा आणि सगळं कॉपी करून घ्या, पेजमेकरच्या फायलींसोबत विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डरसुद्धा. हे फोल्डर लोक हमखास विसरतात. मग फाइल उघडते, अक्षरं उघडत नाहीत.

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. १९९७ मध्ये इतवारीतल्या एका पोटमाळ्यावर मी डीटीपी ऑपरेटर म्हणून, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायला लागले. मे महिन्यातली लगनसराई, कूलर लावला की ट्रेसिंगचे कागद उडायचे, बंद केला की मॉनिटर आणि मी दोघंही तापायचो. 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ तेव्हा मी इतक्यांदा टाइप केली की आजही बोटं आपोआप वळतात. पुढे स्वतःचं सेंटर काढलं. २००८ मध्ये मशीन बदलताना मी फायली सीडीवर उतरवल्या आणि फॉन्ट राहिले. नऊ वर्षांच्या पत्रिका उघडल्या तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. त्या जुन्या फॉन्टांमध्ये 'क' हा कॉम्प्युटरच्या लेखी 'क' नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवण्याची पद्धत वेगळी. युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला स्वतःची जागा आहे, पण पेजमेकर युनिकोड जाणत नाही. म्हणून तोच फॉन्ट, तोच जुना, हवाच.

आता दुकानदाराचं म्हणणं. तो अर्धा बरोबर आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे, म्हणजे फार जुन्या काळचे प्रोग्राम चालतच नाहीत. पेजमेकर स्वतः ३२ बिटचा आहे, म्हणून पेजमेकर ७ काही जणांच्या नव्या मशीनवर सरळ चालतो. करून बघायला हरकत नाही, आयकॉनवर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. चालला तरी प्रिंटच्या खिडकीशी रुसतो आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर (विंडोजशी त्याची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम) तर बसतच नाही, असा माझा अनुभव. धंद्याचं काम अशा भरवशावर ठेवू नये.

म्हणून पोटातली विंडोज. तुम्ही महालातले आहात, वाडा समजावून सांगायला नको. पुढे घरमालक, मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू. भाडेकरूचं दार वेगळं, चूल वेगळी, पण विहीर आणि मीटर एकच. व्हर्च्युअल मशीन तसंच. विंडोज ११ घरमालक. तिच्या आत एक सॉफ्टवेअर खोटं मशीन उभं करतं, खोटी डिस्क, खोटा मॉनिटर, खोटी सीडी. एक्सपीला वाटतं आपण २००३ च्या एखाद्या कॉम्प्युटरवर बसलो आहोत. प्रोसेसर मात्र खराच वापरला जातो, म्हणून वेग चांगला मिळतो. इंटेल आणि एएमडी यांनी २००५-०६ पासून प्रोसेसरमध्येच याची सोय दिली आहे.

सॉफ्टवेअर कोणतं? तुमच्या मशीनवर विंडोजची होम आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं हायपर-व्ही त्यात नसतं, ते प्रोमध्ये असतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ च्या नोव्हेंबरपासून धंद्यासाठीही फुकट झालं. मी व्हर्च्युअलबॉक्स वापरते. ते ओरॅकलचं, मूळ प्रोग्राम फुकट, आणि मला त्याची सवय आहे. याहून मोठं कारण नाही.

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा आणि व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा. एएमडीच्या बोर्डवर ते एसव्हीएम या नावाने सापडतं. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन करा, प्रकार विंडोज एक्सपी ३२ बिट. रॅम १ जीबी पुष्कळ झाली. २००३ साली आपण २५६ एमबीवर अख्ख्या दिवाळी अंकाची जुळणी केली आहे. डिस्क २० जीबी. ही डिस्क आयडीईवरच ठेवा, साटा या नव्या जोडणीवर नको, कारण एक्सपीच्या सीडीत साटाचा ड्रायव्हर नसतो आणि इन्स्टॉल करताना ती डिस्कच दिसत नाही. नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा एखाद्याकडून मागून आणा आणि सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फायलीतली प्रत, करून ठेवा, म्हणजे पुन्हा मागावा लागणार नाही. तुमची एक्सपी डब्यातली आहे हे उत्तम, ती नव्या मशीनवर नेता येते. कॅबिनेटवर स्टिकर असलेली कंपनीची एक्सपी त्या मशीनपुरतीच असते. ३० दिवसांत तुमची एक्सपी ॲक्टिव्हेशन मागेल, ते पहिल्याच आठवड्यात मार्गी लावा. आणि 'तयार एक्सपी' म्हणून नेटवर मिळते ती घेऊ नका. तिच्यासोबत आणखी कोण कोण राहायला येईल याचा नेम नाही.

एक्सपी बसली की पडदा आधी डबीएवढा दिसेल. मेनूतून गेस्ट ॲडिशन्स नावाचा व्हर्च्युअलबॉक्सचा जोड-प्रोग्राम घाला, पडदाही मोठा होईल आणि दोन्ही विंडोजमध्ये सामायिक फोल्डर करता येईल. मग फॉन्ट, मग पेजमेकर. सगळं नीट चाललं की स्नॅपशॉट घ्या. उद्या काही बिघडलं तर एका क्लिकवर त्या दिवशीच्या अवस्थेत परत. खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका. विंडोज ११ चं स्वतःचं सुरक्षा कवच प्रोसेसरची ती सोय आधीच वापरत असलं की व्हर्च्युअलबॉक्स आडवाटेने चालतं आणि कासव दाखवतं. पत्रिकेच्या कामाला तेवढा वेग पुरतो. कासव घालवण्यासाठी ते कवच बंद करा, असं कोणी सांगेल. मी करणार नाही.

आता लॉक. खरं दुखणं इथेच आहे. यूएसबीचं लॉक असतं तर दोन क्लिकचं काम होतं, व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीतून ते एक्सपीला द्यायचं. तुमचं २५ पिनांचं, म्हणजे पॅरलल सॉकेटचं आहे आणि नव्या बोर्डावर ते सॉकेटच नसतं. बाजारात यूएसबी ते पॅरलल केबल मिळते, ती विकत घेऊ नका. ती प्रिंटर ओळखते, लॉक ओळखत नाही. मी ती केबल घेऊन बसले आहे, ड्रॉवरमध्ये पडून आहे. फॉन्टची कंपनी चालू असेल तर जुनं लॉक आणि बिल दाखवून यूएसबी लॉक बदलून मागा.

तोपर्यंत एक गोष्ट ध्यानात घ्या. लॉक बहुतेक ठिकाणी टायपिंगच्या ड्रायव्हरला लागतं, फॉन्टला नाही. फॉन्ट साध्या टीटीएफ फायली असतात. म्हणजे लॉकशिवायही पत्रिका उघडेल, दिसेल, छापेल. धाकटीचं नाव, तारीख, मुहूर्त एवढं बदलायचं तर आम्ही लॉक बिघडल्यावर करायचो ते करा : याच फॉन्टमधल्या दुसऱ्या पत्रिकेतून अक्षरं उचला. 'चि. सौ. कां.' तर प्रत्येक पत्रिकेत आहेच. 'मृण्मयी'साठी मी एकदा चार पत्रिका धुंडाळल्या होत्या.

प्रिंटरच्या नादी एक्सपीत लागू नका, नव्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर तिच्यासाठी निघतच नाहीत. पेजमेकर ७ सोबत डिस्टिलर हा पीडीएफ करणारा प्रोग्राम आला असेल तर त्यातून पीडीएफ करा. नसेल तर पोस्टस्क्रिप्ट (छपाईची भाषा) समजणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालून कागदाऐवजी फाइलवर प्रिंट द्या, फॉन्ट आत घाला, आणि ती फाइल नव्या विंडोजमध्ये घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. अक्षरं पीडीएफमध्येच बसतात, पुढे छपाईची प्लेट काढणाऱ्याला फॉन्ट द्यावा लागत नाही.

आणि एक्सपीचं नेटवर्क सेटिंगमधून काढून टाका. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तिला व्हॉट्सॲपची गरज नाही.

नवी पत्रिका मात्र तिच्यात करू नका, दादा. नवं काम युनिकोड फॉन्टात, इनडिझाइनमध्ये किंवा फुकटच्या स्क्रायबसमध्ये घ्या. जुन्या फायली नेणार असाल तर इनडिझाइन सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७ च्या फायली उघडत, नंतरच्या उघडत नाहीत.

प्रश्न : मी नंदनवनमधल्या एका छोट्या पतसंस्थेत हिशेब बघते. सभासदांचं जुनं खतावणीचं काम डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ मध्ये आहे. नव्या कॉम्प्युटरवर क्लिक केलं की 'हे ॲप चालत नाही' येतं. मलाही एक्सपी आत घालावी लागेल का?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : नाही ताई, तुमचं काम हलकं आहे. डॉसवरचं फॉक्सप्रो चालवायला अख्खी विंडोज नको, डॉसबॉक्स-एक्स हे खोटं डॉस मशीन उभं करणारं सॉफ्टवेअर पुरतं. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेलं आहे, त्यात प्रिंटची सोय नाही, डॉसबॉक्स-एक्समध्ये आहे. फोल्डर आत जोडायचं आणि प्रोग्राम चालवायचा. मात्र ऑफिसात दोन जणींनी एकाच वेळी वेगवेगळ्या खिडक्यांतून त्याच फायलीत नोंदी करू नका, नोंदींची खिचडी होईल.

तुम्हाला नुसती जुनी शिल्लक बघायची असेल तर तेही नको. फॉक्सप्रोचा डेटा ज्यात असतो त्या डीबीएफ फाइलची प्रत काढा, मूळ फाइल कधीही उघडू नका, आणि प्रत लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. रकाने सरळ दिसतील. नावं मराठीत असतील आणि डॉसमध्ये मराठी टाइप करण्यासाठी मशीनमध्ये बसवत त्या जिस्ट कार्डावर टाइप केलेली असतील तर ती इस्की या सांकेतिक पद्धतीत असू शकतात. कॅल्कमध्ये तो मजकूर वेडावाकडा दिसेल, पण आकडे जागेवर असतात. ऑडिटरला तसंही आकडेच हवे असतात. नावं खाते क्रमांकावरून जुळवा.

प्रश्न : माझ्याकडे एम-२ चिपचा मॅकबुक आहे. त्यावर एक्सपी टाकून शाळेतल्या सीडीवरचे खेळ चालवता येतील का?
— एक विद्यार्थी, धंतोली

उत्तर : चालतील, रडतखडत. वर ज्या दादांना वाडा सांगितला, त्यात भाडेकरूला मालकाचीच विहीर मिळते. तुझ्या मॅकची विहीर वेगळी आहे. एम-२ हा एआरएम प्रोसेसर, एक्सपी इंटेलच्या भाषेत बोलते, त्यामुळे प्रत्येक हुकूम भाषांतर करून द्यावा लागतो. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणत नाहीत, एम्युलेशन म्हणतात, आणि तिथे वेग जातो. यूटीएम नावाचं ॲप हे काम करतं. त्याच्या वेबसाइटवरून फुकट मिळतं, ॲपलच्या ॲप स्टोअरमधून घेतलं तर पैसे पडतात. पत्त्यांचे आणि कोड्यांचे खेळ चालतील. गाड्या पळवायच्या असतील तर काकाकडे इंटेलचा जुना लॅपटॉप पडला असेल, तो माग.