मार्फान असलेल्या भावाचं एओर्टिक रूटचं ऑपरेशन सांगितलंय, पुढची वीस वर्षं कशी जातील?

चांगली जातात, पण ‘ऑपरेशन झालं, सुटलो’ असं नसतं. रूट, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा सुरुवातीचा भाग, ५ सेंटीमीटर रुंद झालंय म्हणता. मार्फानमध्ये (हा शरीराची जोडऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) साधारण याच मापाला, महाधमनी आतून फाटायच्या आधी, ऑपरेशन सुचवतात. ठरवून केलेलं आणि फाटल्यावर धावपळीत केलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक. चालढकल नको.

आमच्या दादाचं बेंटॉल (रूट आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलायचं ऑपरेशन) होऊन अकरा वर्षं झाली. मेकॅनिकल व्हॉल्व्ह आहे. नौपाड्यातल्या घरात रात्री लाइट गेली, पंखा थांबला की त्याची टिकटिक वहिनीला ऐकू येते. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) कायमचं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालक-मेथी बंद नाही, फक्त प्रमाण सारखं हवं (एकदा हुरड्याला गेल्यासारखी मेथी हाणली आणि आयएनआर घसरला).

दुसरा पर्याय डेव्हिड ऑपरेशन: स्वतःचा व्हॉल्व्ह ठेवून फक्त रूट बदलतात. वॉरफरिनची कटकट बहुधा नाही, पण काहींचा व्हॉल्व्ह पुढे गळू लागतो आणि पुन्हा छाती उघडावी लागते. व्हॉल्व्ह शाबूत असेल तर मी तरी सर्जनला आधी हेच विचारेन.

खरी गोम पुढेच आहे. बदलतात तो सुरुवातीचा तुकडा. उरलेली महाधमनी त्याच कमकुवत ऊतीची. म्हणून ठरावीक काळाने स्कॅन, बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टन (महाधमनीवरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या) चालू, जड उचलणं बंद. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर आधी कार्डिओलॉजिस्टना फोन. आणि तुमचाही एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. आई-वडिलांपैकी एकाला मार्फान असेल, तर प्रत्येक भावंडाला ५० टक्के शक्यता असते.